पुनरुक्ती

सकाळी साडेसहाला मी एक माणूस मारते,
मग अंडी उकडायला ठेवते.
हापसालुत नोव्हेंबरात नऊशिवाय उजाडत नाही,
तेवढी एक सोय आहे या धंद्यात.

औषधवाला ओरेस्त आता सरावलाय.
किती थेंबांत घोडा झोपेल, असं विचारलं
की तो आधी माझ्या नवऱ्याची तब्येत विचारतो.
नवरा फेरीबोटीवर असतो. घरी आला
की जेवायला बसताना हळूच बशा बदलतो.
सत्तावीस वर्षं हाच विनोद.
मी अजून हसते.

बाकी रहस्य म्हणाल तर फारसं नसतं.
पाठ धरते. हीटरचं बिल येतं.
तालिनहून संपादक मेरिके लिहिते,
मधली शंभर पानं जांभया देतायत,
तिथे अजून एक प्रेत बसेल का?
बसवते.
आजवर कपाटात बसवलीत, बर्फाखाली बसवलीत,
एक तर चर्चच्या ऑर्गनमध्ये,
त्याचे पाय काही केल्या आत मावेनात,
शेवटी त्याची उंची कमी केली, पान सातपासून.
लोक विचारतात, एवढं सुचतं कसं?
पुरतं का, हे कोणी विचारत नाही.
दुपारी तीन तास मी शाळेत स्वीडिश शिकवते.

गुरुवारी कल्योकडे जाते.
वृद्धाश्रमात वरच्या मजल्यावर, खिडकीशी.
आयुष्यभर सिग्नल सांभाळले त्याने
अशा स्टेशनात, जिथे आता गाडीच येत नाही.
डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून मी वाचते,
तो ऐकतो आणि सगळ्यांवर संशय घेतो,
पाद्रीबाईवर जरा जास्तच.
(त्याच्या लग्नाला एक पाद्री उशिरा आला होता म्हणे.)

या गुरुवारी त्याने मध्येच हात आडवा केला,
गाडी थांबवावी तसा.
पुस्तक कधी येणार?
मे महिन्यात, म्हटलं.
तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला,
मग म्हणाला,
तर मला आत्ताच सांगून टाक.

आता काय सांगू.
दोनशे बारा पानं झाली होती, पाच संशयित,
आणि मला पाचही जण बिचारे वाटत होते.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात,
माझ्या मनात मिट्ट काळोख.
खाली अंगणात कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.
जनावरांचा डॉक्टर, मी म्हणाले.

कल्यो गप्प.
मग खोकला येईपर्यंत हसला.
ठाऊक होतं मला, म्हणाला,
तिसऱ्या प्रकरणात त्याने दोनदा हात धुतले.

त्या दिवशी माझे हजार शब्द भरत नव्हते,
म्हणून नळ दुसऱ्यांदा सोडला होता मी.
दुसरं काही कारण नव्हतं.
पण त्याने नर्सला हाक मारून सांगितलं,
आपण ओळखलं म्हणून,
आणि कॉफीत जास्तीची साखर मागून घेतली.

सोमवारी सकाळी आश्रमातून फोन आला.

तेव्हापासून उसवतेय.
डॉक्टरची त्या रात्रीची साक्ष मोडली.
पाद्रीबाईला सोडून दिलं, जरा माफीही मागितली.
हेतू लागतो, म्हणून डॉक्टरला एक बुडालेली बहीण दिली,
तिला नाव द्यायला दोन दिवस गेले.
पान एकोणीसवर खुंटीला हातमोजा अडकवला,
एकच.
ऑर्गनमधल्या माणसाला परत त्याची उंची दिली,
कारण डॉक्टर तगडा आहे, कोंबेल कसाही.
एकशे चाळीस पानं पुन्हा लिहिली,
हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला,
आणि पैसे तेवढेच?
तेवढेच.

काल मेरिकेचं उत्तर आलं.
हातमोजा तिला फार आवडला,
पहिल्यापासून ठरलेलं होतं ना तुझं, किती शांतपणे पेरलंयस!
फक्त तिसऱ्या प्रकरणात, नळापाशी,
तिने लाल रेघ मारलीय.
समासात लिहिलंय: पुनरुक्ती. एकदाच पुरे.

मी रेघ पुसली.
खाली लिहिलं, राहू दे.